मोटारीच्या पेटीवर मीटर लावण्यापूर्वी



पूर्वी विहिरीवरची मोटार बंद पडली की सायकलवर टांग मारून वायरमनचे घर गाठायचे, तो दुसऱ्याच कोणाच्या तरी वस्तीवर गेलेला असायचा, आणि तो येईपर्यंत उसाची पाळी हुकायची. आता तसे राहिलेले नाही. चार-पाचशे रुपयांत पिवळा डिजिटल मल्टिमीटर बाजारात मिळतो आणि आपल्या बऱ्याच सभासदांच्या पंपघरात तो खुंटीला टांगलेला दिसतो. व्होल्टेज किती आहे, तिन्ही फेज आहेत की नाहीत, केबल तुटली की काय, एवढे स्वतःला पाहता आले तर निम्मे हेलपाटे वाचतात. ही चांगलीच गोष्ट आहे. कोणाही सभासदाने मीटर वापरू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

परंतु आमच्या विद्युत विभागाच्या टेबलावर मेलेले मीटर अधूनमधून येतच असतात. सोबत ठरलेले वाक्यही येते. "साहेब, मीटरच डुप्लिकेट निघाला, एकदाच लावला आणि फट्दिशी गेला." आम्ही पाठीमागचे स्क्रू काढून पाहतो. आत काजळी धरलेली, पट्टीवरचा तांब्याचा पत्रा उडालेला. मीटर डुप्लिकेट नसतो. लाल वायर चुकीच्या भोकात असते, नाहीतर मधले बटण चुकीच्या खुणेवर असते.

दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आमची स्वतःची गोष्ट सांगतो. गळिताचे दिवस होते. ऊस भरलेल्या एका ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होत नव्हती म्हणून आम्ही मीटरची लाल वायर दहा अँपियरच्या भोकात घालून चार्जिंगचा करंट पाहिला. काम झाले, मीटर पिशवीत टाकला. संध्याकाळी एका वस्तीवरून निरोप आला की मोटार घुमते आहे, उचलत नाही. गेलो, पेटी उघडली, बटण फिरवून ७५० व्होल्टच्या खुणेवर नीट आणले आणि दोन फेजवर दोन टोके टेकवली. डोळ्यांपुढे निळा-पांढरा लोळ उठला. किटकॅटमधली तार उडाली, मीटरच्या एका टोकाचे पितळ वितळून पेटीच्या पत्र्यावर त्याचे थेंब चिकटले, आणि भुवईचे केस जळाले. डोळा वाचला तो चष्म्यामुळे. बटण बरोबर होते. लाल वायर सकाळच्याच भोकात राहिली होती. इतकी वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, मग रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात पेटी उघडणाऱ्या सभासदाकडून झाले तर नवल काय?

असे का होते ते समजून घेऊ. म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

आपल्यापैकी अनेकांकडे ठिबक आहे. फिल्टरजवळ प्रेशर गेज बसवलेला असतो. तो पाइपाला बाजूने जोडलेला असतो, त्याच्यातून पाणी वाहून जात नाही, फक्त दाब कळतो. पाणी किती वाहते हे मोजायचे असेल तर मात्र पाइप कापून मध्ये पाण्याचा मीटर बसवावा लागतो आणि सगळे पाणी त्याच्या पोटातून जाते. विजेचेही अगदी असेच आहे. व्होल्ट म्हणजे दाब, अँपियर म्हणजे वाहते पाणी. व्होल्ट मोजताना मल्टिमीटर प्रेशर गेजसारखा असतो. त्याच्या आत सुमारे दहा लाख ओहमचा अडसर असतो, म्हणून ४१५ व्होल्ट लावले तरी त्यातून अर्ध्या मिलिअँपियरपेक्षाही कमी वीज जाते. करंट मोजताना मात्र तो पाण्याच्या मीटरसारखा होतो. दहा अँपियरचे भोक आणि 'कॉम' लिहिलेले काळ्या वायरचे भोक यांच्यामध्ये आत चक्क जाड तारेचा एक तुकडा असतो. त्याचा अडसर एका ओहमचा शंभरावा हिस्सा, म्हणजे नसल्यातच जमा. लाल वायर या भोकात ठेवून दोन फेजला टोके लावणे म्हणजे दोन फेज उघड्या तारेने एकमेकांना जोडणे. डीपी जवळ असेल तर त्या क्षणी शेकडो, कधी हजारांत मोजावा असा करंट हातातल्या मीटरमधून धावतो. आणि हे लक्षात असू द्या की स्वस्त मीटरमध्ये त्या तारेच्या तुकड्याला बटणाचा काही संबंध नसतो. बटण व्होल्टवर असो, बंदवर असो, तार जोडलेलीच असते. त्या भोकाखाली 'अनफ्यूज्ड' असा बारीक इंग्रजी शब्द छापलेला असतो. त्याचा अर्थ, या वाटेवर फ्यूज नाही, उडायचे ते मीटरच उडेल.

म्हणून आमचा आता शिरस्ता असा आहे. दहा अँपियरच्या भोकाचे काम झाले की मीटर खाली ठेवण्याआधी लाल वायर मधल्या भोकात परत. ज्या सभासदांना हे भोक कधी लागतच नाही त्यांनी त्यात प्लास्टिकचा तुकडा ठोकून वर चिकटपट्टी मारून टाकावी. आम्ही विभागातल्या शिकाऊ मुलांच्या मीटरना हेच केले आहे. मीटरची शोभा जाते, पण मीटर राहतो.

आता कोणी म्हणेल, मग मोटारीचा करंट कसा मोजायचा? त्या पिवळ्या मीटरने मोजायचाच नाही. एक तर त्याच्या करंटच्या खुणा फक्त डीसीसाठी असतात, मोटारीचा करंट एसी. दुसरे म्हणजे पाच हॉर्सपॉवरची तीन फेज मोटार चालताना सात-साडेसात अँपियर घेते, पण डायरेक्ट स्टार्टरवर उचलताना त्याच्या सहापट, म्हणजे चाळीसच्या वर घेते. त्यासाठी क्लँप मीटर घ्यावा. वायर तोडावी लागत नाही, जबडा उघडून वायरभोवती घालायचा. मात्र एकाच वायरभोवती! तिन्ही वायरी मिळून एकदम जबड्यात घेतल्या तर आकडा शून्याच्या आसपास दिसतो आणि माणूस म्हणतो मोटार करंटच घेत नाही. साध्या क्लँप मीटरला ट्रॅक्टरच्या बॅटरीचा डीसी करंट दिसत नाही हेही ध्यानात ठेवावे. आणि ट्रॅक्टर सेल्फ मारताना तर मल्टिमीटर करंटवर कधीच लावू नये, सेल्फ शेकडो अँपियर खातो.

दुसरी चूक बटणाची. पिवळ्या मीटरच्या मधल्या भोकात लाल वायर ठेवून व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपियर तिन्ही मोजता येतात. बटण कुठे आहे यावर सगळे अवलंबून. टोके लाईनवर टेकलेली असताना बटण फिरवायचे नाही, कारण फिरवता फिरवता ते ओहम आणि मिलिअँपियरच्या खुणांवरून जाते आणि तेवढा निमिषभर पुरतो. स्वस्त मीटरच्या ओहमच्या बाजूला जे काही संरक्षण असते ते सहसा २५० व्होल्टपर्यंतचे. आपल्या पेटीत दोन फेजमध्ये ४१५ च्या आसपास असते, आणि रात्री सगळ्यांच्या मोटारी बंद असल्या की त्याहूनही चढते. टोके आधी काढा, बटण फिरवा, खूण डोळ्यांनी पाहा, मग टोके लावा. किती व्होल्ट असतील ते माहीत नसेल तर सर्वांत मोठ्या खुणेपासून, म्हणजे एसी ७५० पासून, सुरुवात करा.

एसी आणि डीसीचा घोटाळा मीटरला फारसा मारत नाही, तो माणसाला मारतो. म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. व्होल्टच्या दोन खुणा असतात. एकीसमोर नागमोडी रेघ, ती एसी, आपल्या लाईनची. दुसरीसमोर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, ती डीसी, बॅटरीची. बटण चुकून डीसीवर ठेवून लाईनवर टोके लावली तर पडद्यावर शून्य किंवा इकडे तिकडे नाचणारा किरकोळ आकडा दिसतो. लाईन तर जिवंत आहे. "मीटर शून्य दाखवतोय, लाईट गेली," असे म्हणून हात घालणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. वायर आतून तुटली असेल, टोक नीट टेकले नसेल, तरी असेच शून्य दिसते. यासाठी जुन्या वायरमन मंडळींची रीत सोन्यासारखी आहे. आधी जिवंत ठाऊक असलेल्या जागेवर मीटर लावून तो दाखवतो हे पाहायचे, मग जिथे काम करायचे तिथे शून्य पाहायचे, आणि परत एकदा जिवंत जागेवर पाहायचे. तीन वेळा टेकवायला अर्धा मिनिट लागतो.

बॅटरी उतरल्याची खूण पडद्यावर दिसत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. बॅटरी उतरली की काही मीटर व्होल्टेज आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि मग सभासद विनाकारण लाइनमनशी भांडतो.

तिसरी गोष्ट ओहमची, आणि आमच्या मते आपल्या भागात सर्वांत जास्त मीटर हिच्यामुळे जातात. मोटारीचे वाइंडिंग शाबूत आहे का, केबल तुटली आहे का, हे पाहण्यासाठी आपण 'पी' वाजणाऱ्या खुणेवर किंवा ओहमवर मीटर लावतो. त्या वेळी मीटर आपल्याच छोट्या बॅटरीचा करंट बाहेर पाठवत असतो. बाहेरून वीज आली की खलास. तुम्ही म्हणाल, लाईट गेलेली असतानाच आम्ही हे काम करतो. तेच तर चुकते. शेतीची लाईट पाळीपाळीने येते, वेळ बदलते, आणि आपल्या पेट्यांवर ऑटो बसवलेले असतात. लाईट आली की ऑटो मोटार आपोआप उचलतो. तुम्ही वाइंडिंगच्या टोकांवर मीटर धरून वाकलेले, आणि तेवढ्यात लाईट आली, तर मीटर जाईल ही त्यातली लहान गोष्ट. मेन स्विच पाडा, किटकॅट उपसा आणि खिशात घाला. नुसते काढून पेटीवर ठेवू नका. कोणीतरी "दादा, हे इथे राहिले होते" म्हणून बसवून टाकतो.

लाईट बंद झाली तरी एक वीज पेटीत शिल्लक राहते, ती कंडेन्सरची. दोन फेजवर मोटार चालवण्यासाठी काहींनी कंडेन्सर लावलेले आहेत, काहींनी पॉवर फॅक्टरसाठी लावलेले आहेत. ४१५ व्होल्टच्या लाईनवरचा कंडेन्सर स्विच पाडण्याच्या क्षणी जवळजवळ ५८७ व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो. त्याची वीज आपोआप उतरावी म्हणून आत रोध बसवलेला असतो, पण तो जळालेला असला तर बाहेरून कळत नाही. अशा भरलेल्या कंडेन्सरवर ओहमचा मीटर लावला की पडद्यावरचे आकडे कायमचे जातात. पाच-दहा मिनिटे थांबा. मग दोन साधे २३० व्होल्टचे पिवळे बल्ब एकापुढे एक जोडून केलेला टेस्ट लॅम्प त्याच्या दोन टोकांना लावा, भरलेला असेल तर बल्ब चमकून विझतील. नंतर मीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या खुणेवर ठेवून उतरला का ते पाहा आणि मगच ओहम. कंडेन्सर स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून 'चट्' आवाज काढण्याची हौस अनेकांना आहे. त्यात स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जाते, कंडेन्सरचे आयुष्य घटते, आणि डोळ्यांत ठिणगी उडते ती वेगळीच.

मोटार बॉडीला उतरली आहे का हे मल्टिमीटरने नक्की कळत नाही. त्याची नऊ व्होल्टची बॅटरी ओलसर वाइंडिंगमधून करंट ढकलू शकत नाही, तो "सगळे ठीक" म्हणतो आणि लाईन दिली की किटकॅट उडतात. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. मेगर चालू असताना त्याच तारांना मल्टिमीटर जोडलेला ठेवू नये. मेगरचे ५०० व्होल्ट ओहमच्या खुणेवरच्या मीटरला सहन होत नाहीत. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलाने एका दुपारी हेही करून दाखवले आहे.

फेज पाहताना एक फसगत होते, तीही सांगून ठेवतो. मोटार चालू असताना एक फेज गेला तर मोटार लगेच थांबतेच असे नाही, घुमत चालत राहते आणि गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. स्टार्टरच्या खालच्या बाजूला मीटर लावला तर तिन्ही आकडे जवळपास ठीक दिसतात, आणि सभासद म्हणतो लाईन चांगली आहे, मोटारच बसली. वाइंडिंगला पैसे जातात. फेज पाहायचे तर मोटार बंद करून किटकॅटच्या वरच्या बाजूला पाहा, आणि नंतर खालच्या बाजूला. चालू मोटारीवर पाहायचेच असेल तर क्लँप मीटरने तिन्ही वायरींचा करंट एकेक करून पाहा, गेलेल्या फेजमध्ये तो शून्य येतो.

आता मीटर घेताना काय पाहावे. मीटरवर 'कॅट २', 'कॅट ३', 'कॅट ४' अशी खूण आणि पुढे व्होल्ट लिहिलेले असतात. लाईनवर वीज पडली, दूर कुठे मोठा शॉर्ट झाला, की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका तारेतून येतो. तो झटका मीटरने पोटात फुटू न देता सोसावा यासाठी ही प्रतवारी आहे. कॅट २ म्हणजे घरातल्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी. कॅट ३ म्हणजे पॅनेल आणि पक्क्या जोडणीच्या मोटारींसाठी. कॅट ४ म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी. आपली पेटी डांबावरून आलेल्या उघड्या लाईनवर असते, म्हणून निदान कॅट ३, ६०० व्होल्टचा मीटर घ्यावा, कॅट ४ मिळाला तर उत्तम. अगदी स्वस्त मीटरवर ही खूण छापलेली असली तरी आत काय आहे ते पाहावे. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेले, चिनी मातीच्या नळीचे जाड फ्यूज असतात. स्वस्तात काचेची बारीक नळी असते, ती मोठ्या करंटला फुटते आणि आतला लोळ विझत नाही. पिवळा मीटर टाकून द्या असे नाही. ट्रॅक्टरची बॅटरी, बल्ब, केबलची अखंडता, यांना तो चांगला. पेटीतल्या ४१५ व्होल्टसाठी मात्र दुसरा असावा. एका वाइंडिंगच्या खर्चात चांगला मीटर येऊन वर पैसे उरतात.

मीटरचा फ्यूज गेला तर त्याच मापाचा घालावा. किटकॅटला आपण तार बांधतो त्या सवयीने मीटरच्या फ्यूजलाही तारेचा वेढा मारून आणलेले मीटर आम्ही पाहिले आहेत. एका सभासदाने तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला होता. पुढच्या वेळी चूक झाली की फ्यूज वाचतो आणि मीटर जातो.

वायरींकडे कोणी बघतच नाही. उन्हात ठेवून त्या कडक होतात, मुळाशी चिरतात, उंदीर कुरतडतात. चिरलेली वायर चिकटपट्टी लावून लाईनवर वापरू नये, नवी जोडी घ्यावी. स्वस्त वायरींचे पुढचे टोक चांगले इंचभर उघडे असते. स्टार्टरमध्ये दोन स्क्रू जवळजवळ असतात, हात घसरला की ते एकच टोक दोन्ही फेजना टेकते. टोकावर रबरी नळी चढवून पुढे फक्त तीन-चार मिलिमीटर धातू उघडा ठेवावा. काम करताना पायाखाली कोरडी फळी, पायांत चप्पल नव्हे तर बूट, आणि शक्यतो एकच हात पेटीत. पाणी देऊन ओल्या अंगाने आलेल्या माणसाने पेटी उघडू नये.

डीपीवर मीटर लावायचा नाही. वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात, मीटर जास्तीत जास्त हजारापर्यंतचा. तिथे जवळ नेण्याचेही काम नाही, ते लाइनमनचे.

अलीकडे पुष्कळ सभासदांनी सौर पंप बसवले आहेत, त्यांच्यासाठी वेगळे. पॅनेल एकापुढे एक जोडलेली असल्याने ऊन पडले की कित्येक शे व्होल्ट डीसी तयार असतात आणि स्विच पाडूनही पॅनेलच्या बाजूची वीज बंद होत नाही. डीसीचा लोळ एसीसारखा चटकन विझत नाही. दहा अँपियरच्या भोकातून पॅनेलचा करंट पाहण्याचा प्रयोग करू नये, टोक उचलताना लोळ ओढला जातो. पंपाच्या ड्राइव्हमधून मोटारीकडे जाणाऱ्या वायरींवर साधा मीटर लावला तर भलतेच आकडे येतात, त्यावरून ड्राइव्ह बिघडला असे ठरवू नये. सौर पंपाला देखभालीची मुदत असते, तोवर बसवणाऱ्यांनाच बोलवावे.

पावसाळ्यात काम नसेल तेव्हा मीटरमधली बॅटरी काढून ठेवावी, ती पाझरली की आतले सगळे खाते. मीटर पेटीच्या आत ठेवू नये, तिथे ऊब असते म्हणून मुंग्या आणि पाली येतात. ज्या सभासदांना आपला मीटर बरोबर दाखवतो की नाही याची शंका असेल त्यांनी तो वायरींसकट आपल्या गट ऑफिसात चिठ्ठी लावून द्यावा. आठवड्यातून एकदा तिथून आमच्याकडे येणाऱ्या गाडीत तो येईल, आमच्या मीटरशी ताडून पाहून पुढच्या फेरीत परत पाठवू. चिठ्ठीवर नाव, गाव आणि मीटर कशावर लावला असताना बिघडला ते खरे लिहावे, म्हणजे आतले काय तपासायचे ते लवकर कळते.